विश्लेषण : नाटकात ‘ॲडिशन’ घेणे ही कला की नियमभंग? संहितेबाहेरच्या वाक्याचा मालक कोण?

दुसऱ्या अंकात टेबलावरचा फोन वाजायला हवा आणि तो वाजत नाही. रंगमंचावर नवरा-बायकोच्या भूमिकेतले दोघे, समोर भरलेले नाट्यगृह, विंगेत ध्वनी सांभाळणाऱ्याची धावपळ. अशा वेळी एखादा मुरलेला नट शांतपणे रिसीव्हर उचलतो, कानाला लावतो आणि बायकोकडे वळून विचारतो, ‘बिल भरलं होतंस ना गं?’ हशा पिकतो. तेवढ्यात फोन वाजतो आणि त्या वाजण्यावर दुसरा हशा. हे वाक्य लेखकाने लिहिलेले नसते, दिग्दर्शकाने बसवलेले नसते आणि संहिता मंजूर करणाऱ्या मंडळानेही पाहिलेले नसते. पुढच्या प्रयोगात फोन अगदी वेळेवर वाजला, तरी नटाला ते वाक्य पुन्हा घ्यावेसे वाटते. पेच तिथून सुरू होतो.

रंगभूमीच्या बोलीत याला ‘ॲडिशन घेणे’ किंवा ‘पदरची वाक्ये टाकणे’ म्हणतात. प्रेक्षकांना ती आवडतात, लेखकांना बहुधा आवडत नाहीत, सहकलाकार कधी हसतात तर कधी दात-ओठ खातात. महाराष्ट्रात तर नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासून घ्यावी लागते. म्हणजे कायद्याच्या लेखी नाटक म्हणजे जमा केलेला कागद. मग त्या कागदाबाहेर जाणाऱ्या नटाचे काय?

मराठी नाटकाची सुरुवात पाठ केलेल्या संवादांनी झाली का?

नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा लिहिलेली होती ती मुख्यतः पदे. सूत्रधार पद म्हणायचा आणि त्या पदात जे सांगितले असेल ते पात्रे आपापल्या गद्यात बोलायची. राम काय म्हणणार, रावण काय उत्तर देणार, हे कथेमुळे ठाऊक असे. नेमके शब्द मात्र नटाचे. राक्षसपार्टी करणारा नट किती आरडाओरडा करील, विदूषक किती वेळ खाईल, हेही बरेचसे त्याच्यावर आणि समोरच्या प्रेक्षकांवर अवलंबून असायचे.

पुढे विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे १८६१ चे नाटक आले आणि संपूर्ण लिहिलेले संवाद पाठ करून बोलण्याची रीत रुजू लागली. अशा नाटकांना त्या काळी ‘बुकिश नाटके’ म्हणत. या नावातच बरेच काही आहे. पुस्तकातले जसेच्या तसे बोलणे ही तेव्हा वेगळी, नाव देण्याजोगी गोष्ट होती. स्वतःचे बोलणे ही रोजची. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘संगीत शाकुंतल’नंतर आणि पुढे गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारख्या कडक तालीम मास्तरांच्या हाताखाली पाठांतर हा नटाचा धर्म झाला. पदरचे वाक्य हा गुन्हा ठरला, तो त्यानंतर.

संहिताच नसेल तर रात्रभर नाटक कसे उभे राहते?

याचे उत्तर आजही सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या जत्रांत पाहायला मिळते. दशावतारी नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. रंगपटात कलाकार रंगायला बसलेले असतात, तेव्हा कंपनीतला जाणता माणूस आजचे आख्यान सांगतो: कोण राजा, कोण राणी, नारद कधी येणार, युद्ध कोणाकोणात आणि शेवट कुठे. एवढ्यावर मंडळी बाहेर येतात. पुढ्यात एक बाकडे, बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज. बाकी सगळे बोलण्यावर. दोन मुरलेले नट समोरासमोर आले की संवादाचे द्वंद्व रंगते. एकाने पुराणातला दाखला फेकला, तर दुसऱ्याला त्याहून वरचढ दाखला तिथल्या तिथे काढावा लागतो. न सुचले तर राजाची फजिती राजवाड्यात नाही, गावासमोर होते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ अशी या कलावंतांच्या आयुष्याविषयी कोकणात म्हण आहे. पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला जाणाऱ्या या माणसांनी रात्री जे बोलले ते कुठे लिहून ठेवलेले नसे.

तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग हा क्रम ठरलेला; त्यातले बोलणे मात्र बरेचसे सैल. गवळणीत पेंद्या आणि मावशी कोणत्या गावात उभे आहेत, तिथला पाटील कोण, यंदा पाऊस पडला का, यावर संवाद वळतात. सरदार प्रश्न विचारतो, सोंगाड्या त्याला आडवे उत्तर देतो. सरदाराचे काम वरकरणी कमी दिसते, पण सोंगाड्याला चेंडू बरोबर टप्प्यावर टाकणारा तोच. काळू-बाळू या जोडीचे ‘जहरी प्याला’मधले हवालदार किंवा दादू इंदुरीकरांचा ‘गाढवाचं लग्न’मधला सावळा कुंभार लोकांच्या लक्षात राहिला तो अशाच बोलण्यामुळे.

म्हणून ‘आयत्या वेळी सुचले’ हे अर्धेच खरे असते. सोंगाड्याच्या पोतडीत शेकडो प्रश्नोत्तरे, कोट्या, म्हणी, उखाणे साठलेले असतात. नवीन असते ती त्यांची निवड आणि वेळ. सोळाव्या शतकातल्या इटलीत ‘कॉमेडिया देल आर्ते’ नावाने फिरणाऱ्या नाटकमंडळ्यांचे गणितही असेच होते. त्यांच्याकडे फक्त कथेचा आराखडा असे. फ्लामिनिओ स्काला याने १६११ मध्ये असे ५० आराखडे छापले, त्यांत संवाद नाहीतच. हशा हमखास आणणारे छोटे ठरीव प्रसंग नटांच्या अंगवळणी पडलेले असत आणि कथा रेंगाळली की ते बाहेर काढले जात. वेंगुर्ल्याच्या नटाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

‘विच्छा माझी पुरी करा’ने काय बदलले?

वसंत सबनीस यांचे हे लोकनाट्य १९६५ मध्ये आले. तमाशाचा सैलपणा तिकीट काढून येणाऱ्या शहरी प्रेक्षकापर्यंत पोहोचवणाऱ्या नाटकांत त्याचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. हवालदाराच्या भूमिकेतले दादा कोंडके सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्रीच्या प्रयोगात आणत. मंत्री, टंचाई, निवडणूक, गावातला रस्ता, काहीही. त्यामुळे एकदा पाहिलेले नाटक लोक पुन्हा पाहायला येत, कारण ते तेच नाटक नसे. हजाराहून अधिक प्रयोग झाले. आशा भोसले यांनी प्रयोग पाहून भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला आणि १९६९ च्या ‘तांबडी माती’तून दादा चित्रपटात आले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

कमी सांगितली जाते ती सबनीसांची बाजू. नटाने कुठेही फाटा फोडावा आणि तरी पाच मिनिटांनी कथा रुळावर यावी, अशी रचना करणे हे लेखकाचे काम असते. राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार अशी उतरंड एकदा पक्की उभी असली की हवालदाराने वरच्याची कितीही टर उडवली तरी प्रेक्षकाला वाट चुकत नाही. ढिसाळ नाटकात ॲडिशन घेतली तर नाटकच सांडते. ‘विच्छा’ हजार प्रयोग टिकले याचे श्रेय दादांच्या हजरजबाबीपणाला द्यायचे, तर त्याला जागा ठेवणाऱ्या लेखकालाही द्यायला हवे.

गंगाराम गवाणकर यांच्या १९८० मधील ‘वस्त्रहरण’ने याच खेळाला आणखी एक वळण दिले. गावातली हौशी मंडळी महाभारत करायला निघतात आणि सगळे फसत जाते, हाच नाटकाचा विषय. मच्छिंद्र कांबळी यांच्यासारखा नट समोर असताना कुठला गोंधळ लिहिलेला आणि कुठला त्या रात्रीचा, हे प्रेक्षकाला ओळखता येणे अवघडच. ओळखता येऊ नये, यातच मजा होती.

कायद्याला संहितेबाहेरच्या वाक्याची काळजी का?

ब्रिटिशांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोग कायदा आणला. ‘नीलदर्पण’सारखी बंगाली नाटके आणि कोलकात्याच्या रंगभूमीवरची राजकीय प्रहसने ही त्यामागची पार्श्वभूमी. मराठीत या कायद्याचा सर्वात गाजलेला बळी म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’. १९०७ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकावर १९१० मध्ये बंदी आली. कागदावर ते महाभारतातले आख्यान होते. प्रेक्षकांना मात्र कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. सरकारला अडचण झाली ती प्रेक्षागृहात तयार होणाऱ्या अर्थाची, आणि तो अर्थ संहितेच्या कोणत्याही पानावर लाल रेघ मारून खोडता येत नव्हता.

हा कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ मध्ये घटनाविरोधी ठरवला आणि २०१८ मध्ये तो औपचारिकरीत्या रद्द झाला. महाराष्ट्रातली संहिता-तपासणी मात्र वेगळ्या वाटेने आली. १९५१ च्या पोलीस कायद्याखाली सार्वजनिक करमणुकीचे नियम झाले; १९६० च्या या नियमावलीच्या नावातच मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे. संहिता वाचून प्रमाणपत्र देण्याचे काम राज्य सरकारचे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ करते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी १९७२ मध्ये मंडळाने सुचवलेल्या काटछाटीवरून दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये या पूर्वतपासणीच्या पद्धतीलाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

या वादांत चर्चा होते ती बहुतेकदा लिहिलेल्या शब्दांची. न लिहिलेल्या शब्दांपुढे ही पद्धत तशीच हतबल आहे. रोजच्या प्रयोगाला कोणी हातात मंजूर प्रत घेऊन बसत नाही. ज्याचे सत्त्वच त्या रात्रीच्या बोलण्यात आहे, त्या तमाशाची किंवा दशावताराची कुठली प्रत तपासणार, हा प्रश्न तर त्याहून जुना आहे. परिणामी व्यवहारात जो नियम चालतो तो असा : कोणाची तक्रार येईपर्यंत सगळे ठीक. तक्रार आली की ‘हे मंजूर संहितेत होते का?’ हा प्रश्न नटाच्या विरोधात वापरता येतो. शिवाय मंडळाचे प्रमाणपत्र असो-नसो, सार्वजनिक ठिकाणची अश्लीलता किंवा धार्मिक भावना दुखावणे यांसंबंधीची भारतीय न्याय संहितेतील कलमे (अनुक्रमे २९६ आणि २९९) नाट्यगृहाच्या दारात थांबत नाहीत.

पदरच्या वाक्यासाठी खटला झाला आहे का?

झाला आहे, लंडनमध्ये. ब्रिटनमध्ये १७३७ पासून नाटके लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या परवानगीने होत. १८४३ च्या कायद्याने ती व्यवस्था पुढे चालू ठेवली; योगायोग म्हणजे सांगलीत उत्स्फूर्त संवादांचे नाटक उभे राहिले तेच हे वर्ष. जोन लिटलवूड या दिग्दर्शिकेची मंडळी तालमीत आणि प्रयोगातही संवाद बदलत असत. बांधकाम मजुरांच्या जीवनावरचे त्यांचे ‘यू वोन्ट ऑल्वेज बी ऑन टॉप’ हे नाटक १९५७ मध्ये आले. मंजूर संहितेत नसलेले बोलणे प्रयोगात आढळले म्हणून १९५८ मध्ये खटला भरला गेला. आक्षेपार्ह ठरलेल्या भागांत एक नक्कल होती : विन्स्टन चर्चिल यांच्या आवाजात सार्वजनिक शौचालयाचे उद्घाटन. शिक्षा झाली ती किरकोळ दंडाची, पण या व्यवस्थेचे हसे झाले.

त्याच काळात रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम करणारे कीथ जॉन्स्टन यांना पूर्णपणे उत्स्फूर्त प्रयोग करायचे होते. संहिताच नाही, तर परवानगी कशाची मागणार? त्यांनी पळवाट काढली : प्रेक्षकांसमोर जे चालले आहे तो प्रयोग नाही, अभिनयाचा वर्ग आहे. नाटकांची ही पूर्वपरवानगी १९६८ च्या कायद्याने संपली. जॉन्स्टन पुढे कॅनडात गेले आणि कॅलगरीत त्यांनी उत्स्फूर्त नाट्याच्या स्पर्धा रुजवल्या. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांच्या नाट्यखेळांतून हीच कला वाढली; त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये आले आणि त्यांचे पुत्र पॉल सिल्स हे शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ या १९५९ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. या शाळेचा पहिला धडा असा, की समोरच्याने जे म्हटले ते नाकारायचे नाही. ‘हो’ म्हणायचे आणि त्यात भर घालायची. आपल्याकडचा सरदार सोंगाड्यासाठी नेमके हेच करत आला आहे, फक्त त्यावर त्याने पुस्तक लिहिले नाही.

सहकलाकार का वैतागतात?

कारण नाटक क्यूवर चालते. एका पात्राच्या शेवटच्या शब्दावर दुसऱ्याची एंट्री असते, त्याच शब्दावर प्रकाश बदलायचा असतो, संगीत सुरू व्हायचे असते. मधेच चार वाक्ये घुसली तर विंगेत उभी असलेली नटी ‘आता जाऊ की थांबू’ अशा अवस्थेत अडकते. समोरच्या नटाकडे उत्तर नसेल तर तो नुसता हसत उभा राहतो आणि हशा त्याच्यावर होतो. ज्येष्ठाने ॲडिशन घेतली तर तिला अनुभव म्हणतात, नवख्याने घेतली तर आगाऊपणा, हेही नाटकमंडळींत नवे नाही. वेळेचाही हिशेब असतो. नाट्यगृह ठरलेल्या सत्रापुरते मिळालेले असते. पुढच्या नाटकाचा सेट दाराशी उभा असताना रोजची पंधरा मिनिटे वाढली की निर्मात्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

त्यातही फरक करायला हवा. न वाजलेला फोन सावरणारे वाक्य सगळ्यांना वाचवते. गावातल्या घडामोडीवरचे वाक्य प्रयोगाला त्या रात्रीचा करते. पण गंभीर प्रसंगात, दुसऱ्याच्या तोंडचा परिणाम मारून, केवळ टाळीसाठी घेतलेले वाक्य हे चोरीच्या जवळ जाते. शेक्सपिअरच्या हॅम्लेटनेही नटांना सूचना देताना विदूषकांनी लिहिलेल्यापेक्षा जास्त बोलू नये, असे बजावले आहे. त्याची तक्रार हीच होती : नाटकातला महत्त्वाचा मुद्दा पुढे जायचा असतो आणि हे लोक हशा काढत बसतात. गंमत म्हणजे अशी बजावणी करावी लागली, यावरून त्या काळचे विदूषक काय करत असतील ते कळतेच.

मग ते वाक्य कोणाचे?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नाट्यकृतीचे रूप लिखित किंवा अन्य मार्गाने निश्चित झालेले असावे लागते. त्यामुळे नटाच्या तोंडून निघून हवेत विरलेले वाक्य नाट्यकृती म्हणून सांगणे अवघड. दुसरीकडे, याच कायद्यात कलावंताला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहेत (कलम ३८) आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला श्रेयाचा हक्कही मिळाला. म्हणजे प्रयोगाचे ध्वनिचित्रमुद्रण झाले तर त्यातल्या नटाच्या कामाला संरक्षण आहे. लेखकाच्या बाजूने कलम ५७ उभे राहते : हक्क विकल्यानंतरही, आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड तो रोखू शकतो. हशा आणणारे एखादे वाक्य मोडतोड ठरेल का, हे प्रसंगावर अवलंबून राहील. प्रत्यक्षात हा हिशेब कोर्टाबाहेर मिटतो. लेखक प्रयोगाला येऊन बसतो, मध्यंतरात रंगपटात जाऊन बोलतो. काही वाक्ये काढली जातात, काही पुढच्या आवृत्तीत निमूटपणे छापली जातात. छापल्यावर ती लेखकाचीच.

मोबाइलने यात एक भर घातली आहे. पूर्वी ॲडिशनचे आयुष्य पडदा पडेपर्यंत असे. चुकीचे वाक्य गेले तरी ते तिथल्या काहीशे माणसांत राही. आता तिसऱ्या रांगेतून केलेले तीस सेकंदांचे चित्रण सकाळपर्यंत, मागचा-पुढचा संदर्भ गाळून, कुठेही पोहोचते. दशावताराचे प्रयोगही यूट्यूबवर आहेत. म्हणजे कुठल्याच संहितेत नसलेले संवाद आता कायमचे नोंदले जात आहेत आणि पुढच्या जत्रेला प्रेक्षक ते ऐकून येऊ शकतो.

त्या न वाजलेल्या फोनचे पुढे काय होते? पाच-सहा प्रयोगांनंतर दिग्दर्शक हार मानतो. ध्वनी सांभाळणाऱ्याला सूचना मिळते : बिलाचे वाक्य होऊ दे, हसणे ओसरू दे, मग बेल दे. सहायक आपल्या प्रतीत समासात पेन्सिलने तशी नोंद करतो. नटी बिलाच्या प्रश्नावर स्वतःचे एक उत्तर शोधून ठेवते. मंडळाकडे जमा असलेल्या प्रतीत मात्र त्या जागी अजून दोनच शब्द असतात : फोन वाजतो.